खाट आधी की गादी आधी

माझी बायको ज्या महिला सेवा मंडळाची चिटणीस आहे, त्या मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होणार आहेत ही बातमी मला सकाळच्या चहाबरोबर मिळाली. त्या मंडळाचा इतिहास मी लिहिणार आहे ही बातमी चहा संपता संपता मिळाली. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माझा होकार विचारला गेला असावा, पण मी त्या वेळी बिस्किट बुडवत होतो.

"स्मरणिकेत चारच पानं लिहायची आहेत," ती म्हणाली. "पाचव्या पानापासून जाहिराती सुरू होतात."

"पण मीच का?"

"तुम्हाला लिहायची सवय आहे ना!"

ही सवय काय आहे ते सांगायला हवं. मी उभं आयुष्य एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात काढलं. 'आपला दावा नामंजूर करताना आम्हांस अतीव खेद होत आहे' हे वाक्य माझं. माझ्याआधी तिथे नुसता 'खेद' होत असे, 'अतीव' मी आणला. मी निवृत्त झालो तरी ते वाक्य अजून नोकरीत आहे असं ऐकतो. तेव्हा हाताला वळण होतं हे खरं. पण ते नकार देण्याचं. आणि घरात नकार द्यायची वेळ आली की तेच वळण नेमकं कुठे जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मंडळाचं काम मात्र मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेच्या दवाखान्यामागे त्यांची एक लांबट खोली आहे. तिथे चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, वर-खाली होणारे पलंग, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या असं सगळं भिंतीला टेकून उभं असतं. कुणाच्या घरी कुणी पडलं, कुणाचं हाड मोडलं, की माणसं तिथे येतात, वस्तू घेऊन जातात आणि माणूस बरा झाला की परत आणून देतात. माणूस बरा नाही झाला तरी आणून देतात. तेव्हा बायको वस्तू आत ठेवते, त्यांना पाणी देते आणि काही बोलत नाही. एरवी तिला न बोलता बसलेली मी पाहिलेली नाही.

इतिहास लिहायचा म्हटल्यावर मी नवीन पेन आणलं, टेबल खिडकीशी सरकवलं आणि कुणी पाहत असल्यास विचारमग्न दिसेन असा बसलो. पाहत होते आमचे शेजारी. ते निवृत्त मोजणीदार आहेत. लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे ते बांधावर उभं राहून बघतात.

"काय लिहिताय?" त्यांनी गॅलरीतून विचारलं.

मी सांगितलं.

"मग आधी हद्द कायम करा. सुरुवात कुठे, शेवट कुठे. एकदा खुंटी ठोकली की मधलं आपोआप येतं."

सल्ला बरा वाटला म्हणून मी सुरुवातीची खुंटी ठोकायला निघालो. माझं आयुष्य सुखाचं होतं ते तिथपर्यंत.

मंडळाच्या स्थापनेच्या वेळच्या दोघीच आता उरल्या आहेत. एक नर्सबाई, दुसऱ्या शिलाईबाई. दोघीही ऐंशीच्या आसपास. एकाच इमारतीत राहतात, नर्सबाई तळमजल्यावर, शिलाईबाई बरोबर त्यांच्या डोक्यावर. नर्सबाई अजूनही गल्लीतल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनं देतात, आणि शिलाईबाई उरलेल्या निम्म्यांचे कपडे दुरुस्त करतात. मी दोन्ही निम्म्यांत मोडतो, हे पुढे फार महागात पडलं.

मी आधी नर्सबाईंकडे गेलो.

"बस रे," त्या म्हणाल्या. "लिहून घे. हॉस्पिटलात एक खाट मोडीत काढली होती. माझ्या शेजारणीचे सासरे जमिनीवर निजून होते, पाठीला जखमा झाल्या होत्या. मी वरिष्ठांच्या पाठीस लागले, खाट मागून घेतली, हातगाडीवर घालून आणली. ते बरे झाल्यावर ती दुसऱ्या घरी गेली, तिथून तिसऱ्या. त्या खाटेपासून मंडळ सुरू झालं."

मी खुशीत जिना चढून शिलाईबाईंकडे गेलो. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"खालचीनं खाटेचं सांगितलं असेल."

"हो."

"खाट कसली, सांगाडा होता नुसता! पट्ट्या रुतायच्या अंगाला. म्हातारा म्हणायचा, मला परत जमिनीवर ठेवा. महिनाभर ती खाट भिंतीला उभी होती. मग मी गादी शिवली, मधून भोक ठेवून, पाठीच्या जखमेला वारा लागेल अशी. तेव्हा कुठे माणूस त्यावर निजला. आता तूच सांग, तुझं मंडळ सुरू कधी झालं? माणूस निजल्यावर, की भिंतीला सांगाडा टेकल्यावर?"

मी जिन्यात मध्यभागी, दोघींच्या बरोबर मधोमध, बराच वेळ उभा राहिलो.

घरी आल्यावर बायकोनं उरलेलं सांगितलं. हा वाद पंचवीस वर्षांचा होता. रौप्यमहोत्सवाच्या पत्रिकेत नर्सबाईंचं नाव वर आणि शिलाईबाईंचं खाली छापलं गेलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मंडळ दोघींनीही सोडलेलं नाही. प्रत्येक सभेला येतात, दोन टोकांना बसतात आणि अध्यक्षांमार्फत बोलतात. "अध्यक्षांनी त्यांना विचारावं, कुबड्यांचे रबर बदलले का?" "अध्यक्षांनी त्यांना सांगावं, केव्हाच बदलले." अध्यक्ष मधल्या खुर्चीत बसून टेनिसच्या प्रेक्षकासारख्या मान वळवत राहतात. मंडळात एक खाटपक्ष आहे आणि एक गादीपक्ष. गादीवरून भांडणं राजघराण्यांत होतात असा माझा समज होता. तो दुरुस्त झाला.

"हे आधी नाही का सांगायचं?" मी म्हणालो.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं का?"

मी पहिला मसुदा लिहिला. त्यात काळाच्या क्रमाला मान देऊन खाट आधी घातली. मसुदा मी कुणालाही दाखवला नव्हता. मोजणीदारांनी फक्त गॅलरीतून वाचला होता. दुसऱ्या दिवशी शिलाईबाईंकडे उंची कमी करायला दिलेली माझी पँट परत आली. एक पाय आखूड केलेला, दुसरा जसाच्या तसा. सोबत निरोप होता: "उरलेलं काम इतिहास दुरुस्त झाल्यावर."

मी इतिहास दुरुस्त केला. गादीला पुढे आणलं आणि खाटेला 'पूर्वतयारी' म्हटलं. शब्द मला आवडला होता. पण त्याच आठवड्यात माझं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन होतं. नर्सबाईंनी सुई वर धरून तिच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पूर्वतयारी झाली का रे तुझी?" त्यानंतर दोन दिवस मी उभ्यानं जेवलो. एक पाय आखूड असलेल्या पँटीत उभं राहून जेवणाऱ्या इतिहासकाराबद्दल कुणाला आदर वाटणं कठीण आहे. घरात तर तो कुणालाच वाटला नाही.

मोजणीदार म्हणाले, "वाद असेल तिथे जुनी खूण शोधावी. फोटो असेल एखादा."

फोटो होता. मंडळाच्या खोलीत उंच फळीवर, कुबड्यांच्या मागे. मी स्टुलावर चढून हात घातला. फोटो हाताला लागला आणि त्याच क्षणी एक कुबडी निसटली. कुबडी एकटी कधी पडत नाही, हे ज्ञान मला तिथे झालं. मंडळाच्या सगळ्या कुबड्या एकामागून एक माझ्या डोक्यावरून रांगेनं खाली गेल्या. फोटोत बायकांच्या दोन रांगा होत्या, मागे खाट होती, खाटेवर गादी होती. म्हणजे त्या फोटोवरून काहीही सिद्ध होत नव्हतं. नर्सबाईंनी माझ्या डोक्याला पट्टी बांधली. पट्टी गरजेपेक्षा बरीच मोठी होती असं मला वाटतं.

शेवटी मला कार्यालयीन मार्ग सुचला. संस्था नोंदणी कार्यालयात स्थापनेची तारीख असणारच. सरकारी तारीख एकदा हातात आली की दोन्ही पक्षांनी ती मानायची, मी सुटलो. आयुष्यभर मीच लोकांना कागदपत्रं आणायला धाडत आलो होतो. खिडकीच्या या बाजूनं जग कसं दिसतं याची मला कल्पना नव्हती.

खिडकीतल्या कारकुनानं माझं पट्टी बांधलेलं डोकं पाहिलं.

"मंडळाविरुद्ध तक्रार आहे का?"

"नाही हो, मी त्यांचा इतिहास लिहितोय."

"तरीच," तो म्हणाला आणि आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "या नावाचं मंडळ नाही."

"असं कसं? पन्नास वर्षं आहे!"

"सेवा मंडळ नाही. मेवा मंडळ आहे. महिला मेवा मंडळ. पत्ता हाच."

टंकलेखन करणाऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वी एक अक्षर चुकवलं होतं. मी मोठ्यानं हसलो. ही माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक. कारकून हसला नाही. तो म्हणाला, "मग सेवा मंडळ म्हणून जे चाललंय ते विनानोंदणी आहे. आणि मेवा मंडळ नोंदवलेलं आहे, पण मेव्याचं काही काम झालेलं दिसत नाही." त्यानं फाईल उघडीच ठेवली. मी येईपर्यंत ती फाईल कुणाला आठवतही नव्हती. मी तिला जागं केलं होतं.

आठच दिवसांत नोटीस आली. सदर मंडळाने स्थापनेपासून मेव्यासंबंधी कोणते कार्य केले याचा खुलासा करावा. सेवा व मेवा ही एकच संस्था असल्यास हयात संस्थापक सदस्यांनी समक्ष हजर राहून एकमुखाने तसे निवेदन द्यावे. अन्यथा नोंदणी रद्द होऊन नगरपालिकेने दिलेली खोली परत घेण्याबाबत कळवण्यात येईल.

बायकोनं नोटीस वाचली आणि घडी घालून टेबलावर ठेवली. मला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन नुसता नळ सोडला. मी मागोमाग गेलो.

"मी चांगल्यासाठी गेलो होतो गं."

"माहीत आहे." ती म्हणाली. "खोलीत आत्ता सहा पलंग बाहेर गेलेत. सहा घरांत माणसं निजलीत त्यांच्यावर. खोली गेली तर ते परत कुठे आणायचे, आणि सातवा माणूस आला तर त्याला मी काय सांगू? मेवा संपला?"

'अतीव खेद' हे शब्द ओठांवर आले होते, ते मी गिळले.

नोटिशीतला सगळ्यांत भयंकर शब्द 'एकमुखाने' हा होता. मी पुन्हा त्या जिन्यात उभा राहिलो. खाली गेलो, नर्सबाई म्हणाल्या, "मी येईन. पण ती गादीचं बोलली तर मी उठून जाईन." वर गेलो, शिलाईबाई म्हणाल्या, "मी येईन. पण ती खाटेचं बोलली तर मला खोटं बोलता येणार नाही." मी तडजोड सुचवली, की दोघींनीही फक्त 'साहित्य' म्हणावं. वरून आणि खालून एकच उत्तर आलं: "साहित्य तुझं तू लिही."

सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघं एका रिक्षात बसलो. दोघी म्हाताऱ्या दोन टोकांना, मध्ये बायको, आणि मी चालकाशेजारी अर्धा बाहेर. वाटेत बायकोनं दोघींचे निरोप दोन्हीकडे पोचवले. "तिला सांग, खिडकीची हवा लागत असेल तर सरकायला." "तिला सांग, मला हवाच हवी आहे."

अधिकारी तरुण होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. टेबलावर त्यांचा फोन सारखा थरथरत होता आणि ते तो पालथा घालत होते.

"संस्थापक कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," दोघी म्हणाल्या. ही एकमुखाने झालेली शेवटची गोष्ट असणार अशी माझी खात्री पटली.

"मंडळाची सुरुवात कशी झाली?"

नर्सबाईंनी श्वास घेतला. शिलाईबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मी डोळे मिटले. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला, आणि अधिकाऱ्यांनी वैतागून तो कानाला लावला. पलीकडून कुणी बाई रडवेल्या आवाजात बोलत होत्या. खोली लहान असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आईला हॉस्पिटलातून आज घरी सोडतायत. साधा पलंग चालणार नाही म्हणतात. दोन दुकानं फिरले, कुणाकडे नाही. आता करू काय मी?

"मी बघतो," अधिकारी हळूच म्हणाले. "सुनावणी चालू आहे." त्यांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघत बसले.

"काय मोडलंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"अं? काही नाही. खुब्याचं हाड. आपण पुढे—"

"ऑपरेशन झालं?"

"हो."

"वजन किती? पाठ लाल झालीय का? कुशीवर वळवता का?"

बघता बघता सुनावणी उलटी झाली. अधिकारी शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून उत्तरं देऊ लागले. पाठ लाल झाली होती. कुशीवर कसं वळवायचं ते कुणी दाखवलं नव्हतं. आई रात्रभर कण्हते, पण विचारलं की मी ठीक आहे म्हणते. हे सांगताना त्यांचा आवाज जरा फाटला, आणि ते चष्मा पुसायला लागले.

नर्सबाई बायकोकडे वळल्या. "तो हँडलचा पलंग परवाच परत आलाय ना?"

"त्याची डावी कडी सैल आहे," शिलाईबाई म्हणाल्या. अध्यक्षांमार्फत नाही, बायकोमार्फत नाही. सरळ नर्सबाईंकडे बघून.

"कडी मी घट्ट केली काल."

"कशानं केलीस? परत सुटेल. आणि त्यावर हवेची गादी टाकणार असशील तर तिला माझी खोळ लागेल, नाहीतर चादर घसरते."

"मग आण ना खोळ! मी नको म्हटलं का?"

"तू पंचवीस वर्षांत काही म्हटलंच कुठे?"

नर्सबाईंच्या हनुवटीला बारीक कंप सुटला होता. "खोळ आण," त्या पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी फार हळू. शिलाईबाईंनी पर्स उघडून रुमाल काढला, स्वतःसाठी काढल्यासारखा, आणि नर्सबाईंच्या हातात दिला.

अधिकारी गडबडले. "अहो, पण मी हे कसं घेऊ? तुमचं प्रकरण माझ्यासमोर आहे."

"साहेब," माझी बायको म्हणाली, "तुम्ही आमच्याविरुद्ध लिहिलंत तरी पलंग संध्याकाळी येणार. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. घरी जिना किती रुंद आहे तेवढं सांगा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एवढी वर्षं मी या बाईला मंडळाचं वेड आहे असं चारचौघांत हसत हसत सांगत आलो होतो.

अधिकाऱ्यांनी त्याच वेळी फाईल बंद केली आणि आपल्या वरिष्ठांकडे पाठवली. पलंग घरी येणार असताना निकाल आपण देणं बरं नाही, असं त्यांनी त्यावर स्पष्ट लिहिलं. वरिष्ठांनी पुढच्या महिन्यात 'मेवा ऐवजी सेवा वाचावे' एवढा एकच शेरा मारला. इतकं आटोपशीर लेखन मला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. स्मरणिकाही निघाली. इतिहास तीनच पानं भरला, कारण चौथ्या पानावर ऐन वेळी चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आली. पण मला सांगायचं आहे ते सुनावणीच्या दिवशीच्या संध्याकाळचं.

पलंग टेम्पोतून आणला. अधिकाऱ्यांचं घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि मध्ये वळण. मोजणीदार फीत घेऊन आले होते. त्यांनी जिना मोजून पलंग वर जाणार नाही असं जाहीर केलं आणि तो वर गेल्यावर फीत पुन्हा तपासली. मी आणि अधिकारी दोन टोकं धरून होतो. वळणावर माझी बोटं भिंत आणि लोखंड यांच्यामध्ये सापडली. मी ओरडलो नाही. समोर अधिकारी होते आणि खालून दोघी म्हाताऱ्या चढत होत्या. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. शिलाईबाईंनी एका हातात खोळ धरली होती आणि दुसऱ्या हातानं नर्सबाईंचा कोपर. दोघी तोंडानं अखंड भांडत होत्या. पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं. ते एका जिन्यात संपणार नव्हतं.

अधिकाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईला, आजींना, आत आणून खुर्चीत बसवलं होतं. चेहरा दुखण्यानं ओढलेला, पण नजर तल्लख. नर्सबाईंनी पलंगाचं हँडल फिरवून पाहिलं, शिलाईबाईंनी खोळ ताणून बसवली, बायको खाली वाकून कडी आवळत होती. आजी आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होत्या. शेवटी त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी घामाघूम, शर्टाला गंज लागलेला, बोटं तोंडात.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. "टेम्पोवाले का?"

मी ओळख करून देण्यासाठी घसा साफ केला. निवृत्त विभागप्रमुख, असं सुरू करणार होतो.

"नाही हो आजी," बायको कडी आवळता आवळता म्हणाली, मान वर न करता. "हे आमच्या मंडळातले."

"बायकांच्या मंडळात?"

"हो."

नर्सबाईंनी यावर काही हरकत घेतली नाही. शिलाईबाईंनीही नाही. माझं 'निवृत्त विभागप्रमुख' तसंच राहिलं.

"अरे, असा उभा काय राहिलास?" नर्सबाई म्हणाल्या. "आजींना वर घ्यायचंय. पलीकडून धर."

मी पलीकडून धरलं.